उत्पन्नाचा रकाना

ती जाहिरात आधी दुर्वाला दिसली,
तिच्या आईच्या पाटीतल्या, तारल्या बांधायच्या कागदावर.
ओलीने मागची अक्षरं पुढे आली होती.
'बारावीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती',
आणि शेवटच्या तारखेवर नेमकं खवलं.
तिने ते नखाने काढलं.
एकतीस जानेवारी.

निवतीत रेंज मिळते ती किल्ल्याच्या सड्यावर,
तीही वारा पडला की.
तिथे बसून आम्ही दोघींनी फॉर्म भरला, एकाच मोबाईलवर.
आधी तिचा, मग माझा,
कारण मोबाईल तिचा.

नाव. जात. दहावीचे टक्के.
आणि मग तो रकाना :
कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न.

बाबा जाळं तुणत बसले होते.
'खंयच्या वर्साचा?' त्यांनी विचारलं,
'बांगडो गावलो त्या, की नुसती जेलीफिश गावली त्या?'
तलाठ्याने मान वर न करता आकडा टाकला.
समुद्राला कधी ठरवता आलं नाही
ते त्याने शिक्का मारून ठरवलं.

शेवटी निबंध होता,
'तुमच्या परिस्थितीविषयी तीनशे शब्द.'
मी गळकं छप्पर लिहिलं.
आईचे पहाटे तीनला उठणारे पाय लिहिले.
बाबांच्या तळहातावरचे दोराचे वळ लिहिले,
त्यावर दोन वाक्यं जास्तच.
छप्पर एकाच कोपऱ्यात गळतं
आणि तिथे आईने मुद्दाम माठ ठेवलाय, हे लिहिलं नाही.
या घरात कुणी उपाशी झोपलेलं
मला आठवत नाही, हेही नाही.

वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ सुई दोऱ्यातून काढत राहिले.
मग म्हणाले, 'सगळा खरा आसा.
पण ह्या घर आमचा न्हय.'

दुर्वाने तिच्या निबंधात लिहिलं होतं,
'आमचं तसं बरं चाललंय. मला शिकायचंय.'
देऊलकर बाई म्हणाल्या, जरा खुलव.
ती म्हणाली, काय खुलवू? एवढंच आहे.

मे महिन्यात मेसेज आला.
फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं.
रत्नागिरीला, मत्स्यविज्ञान.
बाबा हसले ते दाराबाहेर ऐकू गेलं,
'माशे शिकूक लोक पैशे देतत?'

मेसेज एकच आला होता.

दुसऱ्या दिवशी रापण ओढून झाली.
वाळूवर ढीग पडला, वाटे सुरू झाले.
होडीचा वाटा, जाळ्याचा,
ओढणाऱ्या प्रत्येकाचा,
आणि शाळेला सुट्टी म्हणून आलेल्या, दोरीचं टोक
दहा मिनिटं धरलेल्या एका पोराच्या पिशवीतही
चार बांगडे.
'हात लावल्यान त्याका वाटो,' बाबा त्याला म्हणाले
आणि माझ्याकडे बघितलं.
फार वेळ नाही बघितलं.

देऊलकर बाईंचा वाटा मी पेढ्यांत दिला.
झेरॉक्सवाल्या बाबलीने उत्पन्नाच्या दाखल्याच्या
सहा प्रतींचे पैसे घेतले नव्हते, त्यालाही पेढे.
पण त्या खवल्याचा वाटा काय?
नखाने काढलेल्या त्या एका तारखेचा?

संध्याकाळी मेथरांच्या मागच्या पडवीत गेले.
दुर्वा मोरी कापत होती. कातडं ओढून काढत होती.
मी पेढे नेले नव्हते.
सोबत चार फॉर्म होते, छापलेले,
रात्री सड्यावर एकटीने बसून शोधलेले,
एकाची मुदत आठवड्यात संपत होती.

ती काहीच बोलली नाही. मोरी पुरी कापली.
हात धुतले, लिंबू चोळलं, परत धुतले,
वास गेला नाही तो नाहीच.
परकराला बोटं पुसून तिने वरचा कागद ओढला
आणि विचारलं,
'ह्यात निबंध किती शब्दांचो?'